नळीत रक्त घेण्याआधी

अगं,

तुझा मेसेज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आला होता. मी तो सातला वाचला आणि दिवसभर उत्तर दिलं नाही, कारण ओपीडीच्या मधे दोन ओळींत उरकण्यासारखा तो नव्हता. ‘मॅडम, लॅक्टेट ७.२ वरून ४.१ वर आलं होतं. मी त्यांच्या बायकोला सुधारतंय म्हणून सांगितलं. मग ते गेले कसे? आपण हे सगळं मोजतो तरी कशाला?’ लॅक्टेट म्हणजे पेशींना ऑक्सिजन अपुरा पडला की रक्तात साचणारा पदार्थ, आणि तो उतरला की माणूस सावरला असं आपण धरून चालतो.

असं होतं, मनाला लावून घेऊ नकोस, हे तुला तुझ्या बॅचवाल्यांनी सांगून झालं असेल. मी त्यात भर घालत नाही. मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. तू मला सहा एबीजींचे, धमनीतल्या रक्ताच्या तपासण्यांचे, फोटो पाठवलेस, पण अडीच वाजता रक्त काढताना तुला काय विचारायचं होतं, ते एका ओळीतही लिहिलं नाहीस.

चार्टचा फोटो मी मोठा करून पाहिला. आतडं फुटलेला, ऑपरेशन होऊन आलेला माणूस. बीपी धरून ठेवायला नॉरॲड चालू, वर ॲड्रेनलिन. नाडी दीडशेच्या पुढे पळायला लागली म्हणून साडेबाराला तू ॲड्रेनलिन काढून व्हॅसोप्रेसिन लावलंस. बरोबर केलंस. अडीचला लॅक्टेट उतरलं. आता सांग, ते कशाने उतरलं? ॲड्रेनलिन स्वतःच लॅक्टेट चढवतं. ऑक्सिजन पोचत असला तरी ते पेशींना साखर इतक्या वेगाने फोडायला लावतं की लॅक्टेट साचतंच. ते काढलं की आकडा खाली येणारच. अडीचपर्यंतच्या चार तासांत लघवी २५ मिली. आणि दोन्ही गुडघ्यांवर निळसर जाळी आल्याचं सिस्टरने नर्सिंग नोट्समध्ये स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलंय. म्हणजे किडनीला आणि कातडीला रक्त पुरेसं पोचत नव्हतं. औषध सुटलं म्हणून उतरलेला आकडा तू माणूस सावरला म्हणून वाचलास.

तो वाचला असता का? बहुतेक नाही. माझं भांडण त्याच्या जाण्याशी नाही. नळीत रक्त घेण्याआधी प्रश्न लिही, आणि हो आलं तर काय करीन, नाही आलं तर काय करीन, तेही लिही. हे मी तुला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. तू मान हलवली होतीस. सगळेच हलवतात.

मलाही ते कुणी सांगून समजलं नव्हतं. बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी नोकरीत, कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होते, तीस वर्षं झाली. तिथे आमची सगळी लॅब म्हणजे एक काचेची टेस्ट ट्यूब. फुरसं चावलेला माणूस आला की दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदा तिरकी करून बघायची. गोठलं नसेल तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, चालू. गोठलं असेल तर लक्ष ठेवायचं आणि पुन्हा तपासायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने घासलेली चालत नाही. आमच्या वॉर्डबॉय मामांना हे माझ्याआधी माहीत होतं. इतकी देखणी तपासणी मी नंतर कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात पाहिली नाही. तिच्यात प्रश्न आधीपासून लिहिलेला आहे: याचं रक्त गोठतं का? आणि दोन्ही उत्तरांपुढे काम लिहिलेलं आहे.

पावसाळ्यातल्या एका रात्री एका मुलाला आणलं. बारा-तेरा वर्षांचा, जमिनीवर झोपलेला, मध्यरात्री पोट दुखायला लागलं म्हणून उठलेला. बाप म्हणत होता, काहीतरी चावलंय. अंगावर खूण नाही. मी रक्त घेतलं, वीस मिनिटं घड्याळ लावून बसले, नळी तिरकी केली. घट्ट गुठळी. मी बापाला म्हणाले, रक्त छान गोठतंय, विष नाही, पोटाचं औषध देते. आणि झोपले. मामांनी साडेचारला उठवलं तेव्हा पोराच्या पापण्या उघडत नव्हत्या आणि तोंडातली लाळ त्याला गिळता येत नव्हती.

मण्यार. मण्यारीचं विष रक्ताला हात लावत नाही, नसा आणि स्नायूंमधला निरोप तोडतं. रात्री जमिनीवर झोपलेला, पोटात दुखतंय, खूण नाही: पुस्तकातलं चित्र माझ्यासमोर आडवं होतं आणि मी नळीकडे बघत होते. आम्ही एएसव्ही दिलं, श्वासनलिकेत नळी घातली, हाताने श्वास द्यायची अँब्यू बॅग दाबत जीपमधून जिल्ह्याला निघालो. घाटात बॅग दाबणारे हात बदलत होतो. तो पोचला नाही.

ट्यूब खोटं बोलली नव्हती. तिला मी जे विचारलं त्याचं तिने खरं उत्तर दिलं. मला विचारायचं होतं ‘विष भिनलंय का?’, आणि मी तिला विचारलं ‘रक्त गोठतं का?’ तू त्या रात्री विचारायला हवं होतंस, ‘याच्या पेशींपर्यंत रक्त पोचतंय का?’ आणि बायकोला उत्तर दिलंस ‘हा जगेल का?’ याचं.

पुढे आयसीयूत आले तरी मी शहाणी झाले असं समजू नकोस. २००१ साली बेल्जियममधल्या ल्यूवेनचा अभ्यास आला: अतिदक्षता विभागातल्या पेशंटची साखर ८० ते ११० मध्ये घट्ट बांधून ठेवली तर जास्त जगतात. आमच्याकडचा प्रोटोकॉल मीच लिहिला. दर तासाला बोटाला सुई, इन्सुलिन वर-खाली, रात्रभर सिस्टर पळताहेत. चार्ट इतके सुरेख दिसायचे की मी ते राउंडला मिरवायचे. २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा अभ्यास आला, सहा हजारांवर पेशंट. घट्ट बांधलेल्या गटात २७.५ टक्के गेले, सैल सोडलेल्या गटात २४.९. साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५. म्हणजे आठ वर्षं आम्ही आकडा बरा करत होतो. तेव्हा सगळेच करत होते, हे खरं आहे, आणि मी ते स्वतःला अनेकदा सांगते. पण तो कागद माझ्या अक्षरात होता.

आता लगेच उलट्या टोकाला जाऊ नकोस. तुझ्या मेसेजमधलं ‘मोजतो तरी कशाला’ मला अजिबात आवडलं नाही. ट्रॅक्टरखाली आलेला एक तरुण आठवतो. बोलत होता, बीपी ११०, चेहरा चांगला, पाणी मागत होता. मला तो बरा वाटला. एबीजीत लॅक्टेट साडेपाच. मी म्हणाले मशीन कॅलिब्रेट करा. फुटलेल्या ओटीपोटाच्या हाडामागे तो दोन तास रक्त गाळत होता आणि तरुण शरीर बीपी धरून बसलं होतं. तिथे प्रश्न चोख होता, ‘दिसत नाही असं कुठे रक्त जातंय का?’, आणि उत्तरही चोख आलं होतं. मलाच ते ऐकायचं नव्हतं. तो जगला, पण त्यात माझी हुशारी काही नाही. सर्जन हट्टी होता.

जखमींचं लॅक्टेट किती लवकर उतरतं याला अर्थ आहेच. १९९३ चा ७६ जखमींचा जुना अमेरिकी अभ्यास बघ: २४ तासांत ज्यांचं नॉर्मल झालं ते सत्तावीसच्या सत्तावीस जगले. ४८ तासांतही ज्यांचं झालं नाही अशा बावीसांतले तीन जगले. त्या तिघांच्या नातेवाइकांना दुसऱ्या दिवशी तू काय सांगितलं असतंस?

आणि पीसीटी, इन्फेक्शन झालं की रक्तात चढणारा पदार्थ. परवा राउंडला तू म्हणालीस, ‘पीसीटी पाठवलंय, बघू काय येतं.’ ‘बघू काय येतं’ हा प्रश्न नाही गं! बाहेरच्या लॅबचे पैसे तो माणूस खिडकीवर रोख भरतो. मोठ्या ऑपरेशननंतर, मोठ्या जखमेनंतर पीसीटी इन्फेक्शन नसतानाही चढतं. ते चढलं म्हणून अँटिबायोटिक वाढवत गेलात तर माणसं जास्त जगतात का, हे डेन्मार्कमध्ये बाराशे पेशंटवर पाहून झालंय. जगत नाहीत, उलट आयसीयूत जास्त दिवस पडून राहतात. पण ‘आता औषध थांबवू का?’ असं विचारलंस तर हेच पीसीटी उत्तम साथ देतं. नेदरलँड्समधल्या अभ्यासात नियम साधा होता: सर्वोच्च पातळीपासून ८० टक्के खाली आलं किंवा ०.५ पर्यंत उतरलं की थांबवा असं सुचवायचं. औषधाचे दिवस कमी झाले आणि माणसं जास्त दगावली नाहीत. नळी तीच, रक्त तेच. प्रश्न बदलला.

कधी कधी रक्त लागतही नाही. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे इन्फेक्शनमुळे बीपी कोसळलेल्या, ४२४ पेशंटवर पाहिलं: एका गटाचे उपचार लॅक्टेटच्या मागे, दुसऱ्याचे बोटाच्या मागे. काचपट्टी उजव्या तर्जनीच्या पेरावर दहा सेकंद दाबायची, सोडायची, रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का बघायचं, दर अर्ध्या तासाला. बोटवाल्या गटात ३४.९ टक्के गेले, लॅक्टेटवाल्यात ४३.४. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला फरक थोडक्यात उतरला नाही, त्यामुळे बोट जिंकलं असं मी म्हणत नाही. पण बोट हरलं नाही, आणि त्याला मशीनचं कार्ट्रिज लागत नाही. तुझ्या चार्टवर बोटाची नोंद एकदाही नाही.

या हट्टापायी लोक मला कंजूष म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. रोज सकाळी सगळ्यांचं सगळं पाठवायचा छापील फॉर्म मी फाडला तेव्हा मीटिंगमध्ये एक जण म्हणाला होता की मॅडमना अजून ग्रामीण रुग्णालयात असल्यासारखं वाटतं. वाटतं. पेशंटचं रक्त रोज तीस-चाळीस मिली काढायचं आणि आठव्या दिवशी हिमोग्लोबिन का पडलं म्हणून आणखी काढायचं, हे मला आजही वेडेपणाचं वाटतं. हो, एकदा अंगाशी आलं. ‘रोज इलेक्ट्रोलाइट्स कशाला’ म्हणून मी एका मुलाला झापलं, त्याने घाबरून पाठवलं नाही, आणि किडनी बिघडत चाललेल्या बाईचं वाढलेलं पोटॅशियम आम्हाला हृदयाच्या मॉनिटरवरून कळलं. ती वाचली. मी त्या मुलाची माफी मागितली, सगळ्यांसमोर. पण फॉर्म परत आणला नाही. किडनी बिघडते तिथे पोटॅशियमचा प्रश्न रोज सकाळी उभाच असतो. त्याने तो लिहिला असता तर माझ्या झापण्यालाही उत्तर होतं त्याच्याकडे. चूक माझ्या आवाजाची होती, असं मी अजून म्हणते. सगळ्यांना पटत नाही.

गेलेल्या पेशंटच्या बायकोला फोन कर. वकिली भाषा नको. ‘आकडा उतरला होता, पण मी त्याचा अर्थ होता त्यापेक्षा चांगला लावला,’ एवढं सांग. त्या रागावतील किंवा फोन ठेवतील. मी त्या मण्यार चावलेल्या पोराच्या बापाकडे कधी गेले नाही. गाव माहीत होतं, एसटी होती.

शनिवारी दुपारी ये. तो केस पेपर आणि एबीजीच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन ये. आधी झेरॉक्स काढ, त्या चिठ्ठ्यांचा कागद लवकर पांढरा पडतो. प्रत्येक झेरॉक्सच्या मागे त्या वेळी तुला काय विचारायचं होतं ते लिहून आण. आठवत नसेल तिथे कोरं ठेव.

तुझी,
मॅडम