नियम बरोबर आहे हो, पण तो वाचतंय कोण?

ह्या वेळी वेबसाईटच्या पत्त्यांचीच पत्रं जास्त आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. एक आधीच सांगतो, आज्ञांची नावं इथं देवनागरीत छापलीत पण फाईलमध्ये ती इंग्रजीतच टाइप करायची. मागे एका वाचकानं खरंच देवनागरीत टाइप केली आणि मग साईट उघडेना म्हणून रात्री अकराला फोन.

प्रश्न: राम राम भाऊ. आमची केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची नर्सरी आहे. पुतण्यानं साईट बनवली, त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (लॅपटॉपवरच साईट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) सगळं एक नंबर चाललं. मग भाड्यानं उबुंटूचा सर्व्हर घेतला, त्यावर अपाची, म्हणजे साईटची पानं पुरवणारा प्रोग्राम, टाकलं, फाईली चढवल्या, तर पहिलं पान उघडतं आणि आतलं एकही उघडत नाही, 'पान सापडलं नाही'चा ४०४ येतो. डॉट एचटीअ‍ॅक्सेस (साईटच्या फोल्डरमधली, सर्व्हरला सूचना देणारी फाईल) मधले नियम सात-आठ प्रकारे बदलून पाहिले. दोन रात्री गेल्या. नियमात चुकतंय काय? — एक वाचक, रावेर

उत्तर: भाऊ, नियमात बहुतेक काहीच चुकत नाहीये. तुमची फाईल सर्व्हर वाचतो तरी का, हे तुम्ही पाहिलंच नाही, आणि तिथंच दोन रात्री गेल्या.

पाहायचं कसं, तर डॉट एचटीअ‍ॅक्सेसच्या अगदी पहिल्या ओळीत काहीही अगडबगड लिहा, 'वांग्याचं भरीत' लिहिलंत तरी चालेल, सेव्ह करा आणि पान रिफ्रेश करा. ५०० चा एरर आला तर पेढे वाटा, कारण फाईल वाचली जातेय आणि सर्व्हरला भरीत समजलं नाही एवढंच. काहीच फरक पडला नाही, तोच जुना ४०४, तर तुमचे नियम आजपर्यंत कुणी वाचलेलेच नाहीत. मग ते सात प्रकारे लिहा की सत्तर.

लॅपटॉपवर चाललं आणि इथं नाही, ह्याचंही कारण तेच. झॅम्पच्या फोल्डरला अलाऊओव्हरराइड ऑल असतं, म्हणजे फोल्डरमधली फाईल काय म्हणते ते ऐकायचं. अपाची २.४ मध्ये मात्र मुळातच अलाऊओव्हरराइड नन असतं, आणि उबुंटूच्या मुख्य सेटिंगमध्ये व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरसाठी तसं लिहूनच ठेवलेलं आहे. तुमच्या साईटच्या फोल्डरपुरतं ते ऑल करा. दुसरं, उबुंटूवर रीराइटचं, म्हणजे पत्ते बदलायचं, मॉड्यूल सोबत येतं पण बंद असतं, 'ए२एनमॉड रीराइट' ही कमांड देऊन चालू करावं लागतं. ह्या दोन्हीनंतर अपाची रीस्टार्ट करा. डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये बदल केला तर रीस्टार्ट लागत नाही, मुख्य सेटिंगमध्ये केला तर लागतो, आणि इथं लय जणांची गल्लत होते.

आता एक लबाडी सांगतो. इंटरनेटवरून आणलेले नियम बरेचदा 'इफमॉड्यूल'च्या कुंपणात असतात. त्याचा अर्थ मॉड्यूल चालू असेल तर हे करा, नसेल तर गुपचूप पुढे जा. म्हणजे मॉड्यूल बंद असलं तरी एरर येतच नाही आणि माणूस नियमातच चूक शोधत बसतो. तपासणी चालू असेपर्यंत ते कुंपण काढून टाका, ओरडू द्या सर्व्हरला.

आणि हो, फाईल तिथं आहे ना? नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली फाईल लपलेली असते, चढवताना राहून जाते. नोटपॅडनं मागे टीएक्सटी चिकटवलंय का तेही बघा.

एवढं करूनही ४०४ राहिला तर तो कुणाचा आहे ते बघा. पांढऱ्या पानावर रुक्ष दोन ओळी असतील तर अपाचीचा, तुमच्या साईटच्या रंगात असेल तर नियम चालला आणि पुढे पुतण्याच्या प्रोग्रामला पान सापडलं नाही. विंडोजला लहान-मोठी लिपी सारखीच, लिनक्सला नाही, तेव्हा फाईलचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे का बघा. तरीही नाही जमलं तर मुख्य सेटिंगमध्ये लॉगलेव्हलच्या ओळीत 'रीराइट:ट्रेस३' जोडा. मग कोणता नियम कुठल्या पत्त्याशी ताडून पाहिला, जुळला की नाही, सगळं एररलॉगमध्ये उतरतं. जुन्या लेखांत ह्यासाठी रीराइटलॉग लिहा म्हणून सांगतात, ती आज्ञा २.४ मध्ये काढून टाकलीय, लिहिली तर अपाची सुरूच होणार नाही. काम झालं की ट्रेस बंद करा, नाहीतर लॉगनं डिस्क भरेल.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, धुळे-नंदुरबारकडच्या गावांची माहिती जमवून साईटवर टाकतो. जुना पत्ता 'गाव डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, तालुका बरोबर शिरपूर' असा लांबलचक होता, नवा 'धुळे/शिरपूर' असा केला. जुन्यावरून नव्यावर पाठवायचा नियम आधी लागूच होईना. एका माजी विद्यार्थ्यानं दुरुस्त करून दिला तर आता ब्राउझर म्हणतो रीडायरेक्ट फार झाले. शिवाय आधी सगळे तालुके मी धुळ्यातच टाकले होते, आता शहादा, तळोदा, नवापूर वगैरे नंदुरबारकडे न्यायचेत, तर ते धुळ्याच्याच पानावर जाऊन बसतात. — एक वाचक, धुळे

उत्तर: सर, एका पत्रात तीन प्रश्न आहेत, पण तिन्ही मजेशीर आहेत.

पहिला नियम लागला नाही कारण रीराइटरूलला प्रश्नचिन्हाच्या पुढचं काही दिसतच नाही. त्याला फक्त 'गाव डॉट पीएचपी' एवढंच दिसतं, तालुका कोणता ते नाही. प्रश्नचिन्हापुढचं पाहायचं तर वर रीराइटकॉन्डमध्ये, म्हणजे कंडिशनमध्ये, क्वेरीस्ट्रिंग तपासावी लागते, आणि तिथून पकडलेला शब्द पुढे वापरताना डॉलर १ नाही, टक्का १ लिहायचा. शेवटी क्यूएसडी हा फ्लॅग (नियमाच्या शेवटी लावायची खूण) लावा, नाहीतर जुनं शेपूट नव्या पत्त्यालाही लटकतं. अजून एक, कंडिशन ही तिच्या लगेच खालच्या एकाच नियमाला लागते. वर एक कंडिशन आणि खाली चार नियम असं लिहून चारही तिच्या ताब्यात राहतील असं होत नाही.

दुसरं म्हणजे ते गरगर फिरणं. तुमच्याकडे आता दोन नियम आहेत, एक ब्राउझरला सांगतो की जुना पत्ता सोडा, नव्यावर या. दुसरा आतल्या आत नवा पत्ता घेऊन परत गाव डॉट पीएचपीकडे नेतो, कारण पान खरंतर तीच फाईल बनवते. आता डॉट एचटीअ‍ॅक्सेसची खोड अशी की आतल्या आत पत्ता बदलला की सर्व्हर नियम पुन्हा वरून वाचायला लागतो, एल फ्लॅगनं फक्त ती एक फेरी संपते. दुसऱ्या फेरीत पहिल्या नियमाला परत गाव डॉट पीएचपी दिसतं आणि तो ब्राउझरला पुन्हा बाहेर धाडतो. धुळे-चाळीसगाव शटलसारखं, धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून धुळे, आणि प्रवाशाला उतरायला स्टेशनच नाही.

उपाय दोन. आतल्या नियमाला एलच्या जागी एंड फ्लॅग लावा, तो पुढच्या फेऱ्याही थांबवतो. किंवा बाहेर पाठवणाऱ्या नियमावर 'द रिक्वेस्ट'ची कंडिशन घाला. ब्राउझरनं सुरुवातीला नेमकं काय मागितलं होतं ते त्यात असतं आणि मधल्या फेऱ्यांत ते बदलत नाही. मला दुसरा जास्त आवडतो, सहा महिन्यांनी वाचला तरी का लिहिलाय ते कळतं. आणि कधी ब्राउझर रीडायरेक्टची तक्रार न करता सरळ ५०० दिसला आणि लॉगमध्ये १० अंतर्गत रीडायरेक्टची मर्यादा ओलांडली असं आलं, तर समजायचं गाडी आतल्या आतच फिरतेय, ब्राउझरपर्यंत आलीच नाही.

तिसरं तर तुम्हीच वर्गात शिकवलं असेल. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, पण तुमच्या फाईलमध्ये अजून झालेला नाही, कारण 'धुळे/काहीही' हा नियम वर आहे आणि तो शहाद्यालाही गिळतो. नियम वरून खाली वाचले जातात. म्हणून नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी ह्या सहांचा नियम आधी, धुळ्याचा सरसकट नियम त्याच्या खाली.

हे सगळं तपासताना रीडायरेक्ट ३०२ चा, म्हणजे तात्पुरता, ठेवा, ३०१ चा नाही. ३०१ म्हणजे कायमचा, ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारायलाही येत नाही. मी एका सराफी दुकानाच्या साईटवर चुकीचा ३०१ टाकला होता, पाच मिनिटांत दुरुस्तही केला, पण शेटजींनी नेमकं त्याच पाच मिनिटांत पान उघडलं होतं. माझ्या मोबाईलवर साईट बरोबर आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर चूक, असं आठवडाभर. शेवटी दुकानात जाऊन त्यांच्या ब्राउझरची कॅश साफ केली. चहा मिळाला, पण ऐकूनही घ्यावं लागलं.

प्रश्न: अहिराणी शब्दांची साईट करतोय, प्रत्येक शब्दाला स्वतःचं पान. इंग्रजी स्पेलिंगचे पत्ते चालतात, देवनागरी शब्दाचे नाही. — एक वाचक, साक्री

उत्तर: तुमच्या नियमात ए ते झेड, आकडे आणि डॅश एवढ्यालाच परवानगी असणार, 'आंडोर' तिथून आत येईल कसा? त्याऐवजी 'स्लॅश सोडून काहीही' असा कंस लिहा. पत्ता कॉपी केल्यावर टक्क्याच्या चिन्हांची जी माळ दिसते ती नियमात लिहू नका, कारण ताडून पाहायच्या आधी सर्व्हर ती उलगडून घेतो. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं असतं. आंडोर म्हणजे आ, अनुस्वार, ड, ओकार, र, अशी ५ चिन्हं, १५ बाइट, आणि टक्क्यांच्या माळेत ४५ अक्षरं. अपाची बाइट मोजतो, म्हणून '२० अक्षरांपर्यंत' अशी मर्यादा घातली असेल तर ६ चिन्हांतच खेळ खल्लास. रीडायरेक्टमध्ये तयार माळ द्यायचीच असेल तर एनई फ्लॅग लावा, नाहीतर टक्क्याचाही टक्का होतो आणि पत्त्यात २५-२५ दिसायला लागतात.

एक मात्र कुठल्याच नियमानं सुटत नाही. 'पोऱ्या'मधला तो अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो, खालच्या टिंबाचा ऱ घेऊन किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना शब्द सारखाच, सर्व्हरला दोन वेगळे पत्ते. शब्द साठवताना आणि शोधताना प्रोग्राममध्येच एका रूपात आणा.

प्रश्न: होस्टिंग बदललं. तीच वर्डप्रेस साईट, तीच एचटीअ‍ॅक्सेस, पण नियम मेलेत. — एक वाचक, भुसावळ

उत्तर: नवीन ठिकाणी अपाचीऐवजी इंजिनएक्स हा दुसरा सर्व्हर प्रोग्राम आहे का विचारा. तो ही फाईल वाचतच नाही, परवानगीबिरवानगीचा प्रश्नच नाही. नियम त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहावे लागतात, आणि वर्डप्रेसला ट्राय फाइल्सची एक ओळ पुरते, आधी फाईल बघ, मग फोल्डर, नाहीतर इंडेक्स डॉट पीएचपीकडे पाठव, प्रश्नचिन्हापुढचं सोबत घेऊन. रीलोड करायच्या आधी 'इंजिनएक्स डॅश टी' चालवून सेटिंग तपासा. आणि साधं शेअर्ड होस्टिंग असेल तर ही सेटिंग तुमच्या हातात नसते, सरळ त्यांच्या सपोर्टला सांगा.