मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याला नेमकी मदत
मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सरसकट जादा तास लावण्यापूर्वी त्याचे नेमके कुठे अडते, हे तुम्ही स्वतः त्याच्याजवळ बसून पाहावे. हातच्याची वजाबाकी चुकणाऱ्या मुलाला साधी वजाबाकी बहुधा येतच असते. एक दशक मोडला की दहा एकक मिळतात, ही स्थानिक किमतीची कल्पनाच कच्ची राहिलेली असते, आणि अशा वेळी आणखी पन्नास उदाहरणे सोडवून घेतल्याने तीच चूक पक्की होते. तीन-चार मुलांचा गट आणि एका वेळी एकच कौशल्य, एवढे पुरते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. प्रगती दिसली नाही, तर आधी आपली पद्धत बदलावी. (दृष्टी आणि श्रवण तपासून घेण्याचे आपण सारेच विसरतो.) या मदतीसाठी खेळाचा तास मात्र कधीही घेऊ नये.