वाचकांचे प्रश्न : डी ड्राइव्ह म्हणतो, ‘फॉरमॅट करा’

प्रश्न : डेस्कटॉपमध्ये १ टीबीची एकच हार्ड डिस्क आहे, तिचे सी आणि डी असे दोन भाग. डीटीपीची दहा वर्षांची कामं डीवर आहेत. काम चालू असताना वीज गेली. आता विंडोज सुरू होतं, पण डी उघडायला गेलं की ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डीपुढे ‘रॉ’ दिसतं. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट करू आणि मग सॉफ्टवेअर लावून डेटा काढू. करू द्यावं का? (डीटीपी व्यावसायिक, सांगली)

उत्तर : अजिबात नको. ‘कॅन्सल’ दाबा आणि मशीन बंद करा. ‘रॉ’ म्हणजे फाइली गेल्या असं नाही. त्या भागाची फाइल सिस्टम विंडोजला ओळखता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टम) भागाच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या पहिल्याच छोट्या तुकड्यात, बूट सेक्टर असतो. क्लस्टर (फाइलींना जागा वाटण्याचं माप) केवढा आणि फाइलींची मुख्य सूची (एमएफटी) कुठून सुरू होते, हे त्यात लिहिलेलं असतं. लिहिता लिहिता वीज गेली आणि हा सेक्टर किंवा सूचीची सुरुवात बिघडली, की आतलं सगळं जागेवर असूनही भाग ‘रॉ’ दिसतो. बूट सेक्टरची एक प्रत त्याच भागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवलेली असते. तुमची पहिली आशा तीच आहे.

फॉरमॅटने काय होतं ते नीट समजून घ्या. क्विक फॉरमॅट जुन्या सूचीच्या काही नोंदींवर नवी सूची लिहितो, म्हणजे सोपं काम अवघड होतं. आणि ‘क्विक’ची खूण चुकून निघाली, तर व्हिस्टापासून पुढचं प्रत्येक विंडोज संपूर्ण भागावर शून्यं लिहितं. त्यानंतर कुठलंही सॉफ्टवेअर काही परत देऊ शकत नाही.

डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर पुढचं काहीच करू नका. वीज तोडा आणि डिस्क न उघडता डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. आवाज नेहमीसारखा असेल तरच पुढे वाचा.

सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत, म्हणून त्या विंडोजमधून काम करू नका. दुसऱ्या संगणकावर सिस्टमरेस्क्यू या मोफत लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवा आणि मशीन त्यावरून सुरू करा. स्मार्टसीटीएल (डिस्कची तपासणी), डीडीरेस्क्यू (डिस्कची नक्कल), टेस्टडिस्क (बिघडलेल्या भागाची दुरुस्ती) ही तिन्ही साधनं त्यात तयार असतात. आधी स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघा. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. विंडोजवर चालणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये हेच क्रमांक ०५, सी५ आणि सी६ या नावांनी दिसतात. ‘व्हॅल्यू’चा रकाना सोडा, शेवटचा ‘रॉ’ रकाना वाचा (इथे ‘रॉ’ म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, डीपुढच्या ‘रॉ’शी त्याचा संबंध नाही). १९७ किंवा १९८ पुढे शून्याहून मोठा आकडा असेल, तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नका.

आकडे शून्य असले तरी आमचा आग्रह एकच आहे : आधी नक्कल, मग दुरुस्ती, आणि दुरुस्ती नकलेवरच. नवी डिस्क १ टीबीपेक्षा मोठी घ्या. ती एका सेक्टरने जरी लहान भरली तरी शेपूट कापली जाते, आणि बूट सेक्टरची प्रत नेमकी त्या शेपटात असते. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी ‘एन’ पर्याय लावून करा. सहज वाचता येतं ते आधी निघतं आणि खराब जागा बाजूला राहतात. दुसऱ्या फेरीत तीच मॅप फाइल (काय वाचलं आणि काय राहिलं याची डीडीरेस्क्यूची नोंद) देऊन ‘आर ३’ लावा, म्हणजे फक्त राहिलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न होतो. मॅप फाइल तिसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही डिस्कचे आकार आणि सीरियल नंबर कागदावर लिहून ताडून बघा. इथे मूळ आणि नवी यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क तुमच्या दहा वर्षांच्या कामावर उतरवली जाईल.

नक्कल झाली की जुनी डिस्क काढून ठेवा आणि नव्या डिस्कवर टेस्टडिस्क चालवा. डिस्क निवडा, पार्टिशन टेबलचा प्रकार ते स्वतः सुचवतं तोच ठेवा, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, डीचा भाग आणि ‘बूट’. मूळ बूट सेक्टर ‘बॅड’ आणि प्रत ‘ओके’ दिसली तर ‘बॅकअप बीएस’ने (बीएस म्हणजे बूट सेक्टर) प्रत मूळ जागी बसते. दोन्ही ‘बॅड’ असतील तर ‘रिबिल्ड बीएस’ निवडा, आणि ‘लिस्ट’मध्ये फोल्डरांची नावं दिसल्याशिवाय ‘राइट’ करू नका. दोन्ही ‘ओके’ असतील तर बिघाड सूचीत आहे, तिथे ‘रिपेअर एमएफटी’ वापरून बघा. भाग उघडला की फाइली लगेच तिसऱ्या डिस्कवर उतरवा.

फोटोरेक हा शेवटचा मार्ग आहे. तो फाइलींचा मजकूर शोधून काढतो, पण नावं आणि फोल्डर परत देत नाही. हजारो फाइली नुसत्या क्रमांकांनी येतात आणि कुठली लग्नपत्रिका कुणाची, हे एकेक उघडून बघावं लागतं.

प्रश्न : दर आठ-पंधरा दिवसांनी निळा पडदा येतो आणि सुरू होताना चेकडिस्क (डिस्कवरच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) चालतं. विंडोज दोनदा नव्याने टाकलं, डिस्कसुद्धा नवी बसवली. तरी फाइली खराब होतातच. (शाळेच्या संगणक कक्षातून, चिपळूण)

उत्तर : नव्या डिस्कवरही तेच घडतंय, म्हणजे डिस्कवरचा संशय बराच कमी झाला. डिस्कपर्यंत जाणारी वाट तपासा, आणि सुरुवात रॅमपासून करा. डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक नोंद आधी रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला तर चुकीची नोंद बिनबोभाट डिस्कवर उतरते. त्याहून वाईट म्हणजे सदोष रॅमवर चालणारं चेकडिस्क चांगल्या नोंदीही ‘दुरुस्त’ करून बिघडवू शकतं. म्हणून रॅमचा निकाल लागेपर्यंत चेकडिस्क थांबवा.

बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा आणि मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी रात्रभर चालू द्या, निदान चार फेऱ्या. एकही चूक चालत नाही. चूक दिसली तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून, त्याच एका स्लॉटमध्ये तपासा, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा हे कळेल.

रॅम निर्दोष निघाली तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल. क्रिस्टलडिस्कइन्फोत सी७ ची ओळ म्हणजे केबलवरून येता-जाता बिघडलेल्या डेटाची मोजणी. केबल बदलली तरी हा आकडा शून्य होत नाही, आणि तिथेच बरेच जण फसतात. आजचा आकडा लिहून ठेवा, केबल बदला, ५० जीबीच्या फाइली कॉपी करा आणि पुन्हा बघा. वाढला नाही तर केबलच दोषी होती.

मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. त्याच्या मोलेक्स (चार तारांच्या) कनेक्टरवर मल्टिमीटर लावा : पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत, आणि तेही मशीनवर काम चालू असताना. रिकाम्या मशीनवर सगळं ठीक दिसतं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला ‘सिस्टम’ लॉग सोबत वाचा. इव्हेंट क्रमांक ५५ म्हणजे फाइल सिस्टम बिघडल्याची नोंद, ७ म्हणजे खराब ब्लॉक, १२९ आणि १५३ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही. ४१ फक्त एवढंच सांगतो की मशीन नीट बंद झालं नव्हतं. त्यावरून कुठलाही भाग बदलू नका.

प्रश्न : मदरबोर्डचा सेल बदलल्यापासून ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. डिस्क गेली का? (नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. सेल संपला किंवा काढला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात आणि साटा मोड (मदरबोर्डने डिस्कशी बोलण्याची पद्धत) बदलू शकतो. विंडोज ज्या मोडमध्ये टाकलं होतं, साधारणपणे एएचसीआय, तो पुन्हा निवडा. आधी कुठला होता हे आठवत नसेल तर एकेक मोड लावून बघा. चालू होईपर्यंत ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि नवं विंडोज, दोन्हींना हात लावू नका.