नाशिकमधल्या जुन्या बंगल्यांना मालक एवढी किंमत कशी काय सांगतात?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: महात्मानगर, कॉलेज रोड, पंडित कॉलनी या भागात चाळीसेक वर्षांचे बंगले विकायला आहेत. आतून पार जुनाट, राहायला जायच्या आधी पंचवीस-तीस लाख ओतावे लागतील असे. तरी मालक नव्या रो-हाउसपेक्षा जास्त किंमत सांगतात. ती खरी धरायची का, आणि खाली किती येतात?

यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे, कारण असा आकडा मी स्वतः सांगून बसलेलो आहे.

आमचा बंगला वडिलांनी १९७९ साली बांधला. ते गेल्यावर आम्ही तिघं भावंडं हॉलमध्ये बसलो आणि अर्ध्या तासात किंमत ठरली. धाकट्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता, त्याला सव्वा कोटी हवे होते. ताई म्हणाली, मग मलाही तेवढेच. मी काय नको म्हणणार? तीन सव्वा पावणेचार. घासाघीस होणारच म्हणून वर पंचवीस लाख. झाले चार कोटी. या सगळ्यात घराकडे मान वर करून कुणी बघितलंसुद्धा नाही. एजंटने चहा घेतला आणि "मिळतील की" म्हणाला. एजंट कधी जास्त आहे म्हणत नाही. म्हणाला तर घर दुसऱ्या एजंटाकडे जातं.

तेव्हा तुम्हाला सांगितलेल्या किमतीत विटा-सिमेंट शोधू नका. ती बहुतेक वेळा वारसांच्या भागाकारातून आलेली असते, आणि तिला टेकू असतो तो कोपऱ्यावरच्या टॉवरचा: "त्यांच्या प्लॉटला बिल्डरने इतके दिले, आपला तर त्याहून मोठा."

इथेच खरी मेख आहे. बिल्डर प्लॉट मोजतो त्याआधी रस्ता मोजतो. आपल्या जुन्या कॉलन्यांचे आतले रस्ते ६ किंवा साडेसात मीटरचे, आणि त्यावरून नाशकात किती वर्षं रामायण चाललं ते इथल्या लोकांना ठाऊक आहे. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या एकत्रित नियमावलीप्रमाणे (लोक यूडीसीपीआर म्हणतात) ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१ एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकाम) मिळतो, त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) चढवता येत नाही. रस्ता ९ मीटरचा झाला की दोन्ही दारं उघडतात. म्हणून पाठीला पाठ लागलेल्या, एकाच मापाच्या दोन प्लॉटची किंमत बिल्डरच्या वहीत एक नसते. महापालिकेने तो रस्ता ९ मीटर धरून जागा सोडायची रेषा आखली असेल तर गोष्ट वेगळी; तेवढं नगररचना विभागात जाऊन विचारा. आमच्या दारात साडेसात मीटर. चार बिल्डर आले, गेटाबाहेरूनच टेप धरून गेले. धाकटा मात्र शेवटपर्यंत कोपऱ्यावरच्या टॉवरचंच उदाहरण देत होता.

आता घर. रंगावर, टाइल्सवर जाऊ नका, तो खर्च दिसतो तरी. संडास-बाथरूमच्या वरचा स्लॅब खालून बघा, छोट्या हातोडीने ठोकून बघा. भद्द आवाज आला तर आतली सळई बहुधा गंजून फुगलीय. आमच्याकडे एक सळई चक्क दिसायची आणि वडील दर दिवाळीला तिच्यावर ऑइलपेंट मारायचे. नंतर पाइप काढले तेव्हा जीआयच्या पाऊण इंची पाइपात करंगळी जाईना, इतका गंज. आणि त्या काळचे बरेच बंगले भिंतींवर उभे आहेत, कॉलम नाहीतच. हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं स्वप्न असेल तर आधी इंजिनिअरला न्या, कारण ती भिंत नुसती आडोसा नाही, वरचा मजला तिच्या डोक्यावर आहे. पावसाळ्यात बघायला गेलात तर उत्तम. उन्हाळ्यात ताजा रंग मारलेलं घर बघणं म्हणजे कांदेपोहे खाऊन स्थळ पसंत करणं.

शेजाऱ्यांनी सांगितलेल्या भावावर काडीचा विश्वास ठेवू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट ई-सर्च आहे, त्यात गल्लीतल्या खरेदीखतांची सूची क्रमांक २ (व्यवहाराचा नोंदवलेला गोषवारा, त्यात किंमत असते) काढा आणि बाजूला रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला, दर ठेवा. नोंदवलेला आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा कमी असतो, हे धरून चाला. "एवढे चेकने, एवढे रोख" असं कुणी म्हणालं तर उठा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला कायद्याने बंदी आहे, शिवाय त्या रकमेवर बँक कर्ज देत नाही ते वेगळंच. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा आयकर) तुम्ही कापायचा. पण वारसांपैकी कुणी अमेरिकेत स्थायिक असेल (असतोच) तर त्याच्या हिश्श्यावर कापायची रक्कम बरीच जास्त असते आणि चुकलात तर नोटीस तुम्हाला येते. सीएला आधी विचारा.

गंगापूर रोडला नदीच्या अंगाला बघत असाल तर २००८ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते विचारा आणि निळी-लाल पूररेषा नकाशावर बघा. "कुंभमेळा येतोय, भाव वाढणार" हे वाक्य ऐकून सोडून द्या. २०२७ चा सिंहस्थ साधुग्रामात आणि घाटांवर भरणार आहे, महात्मानगरच्या गल्लीत नाही.

किती खाली येतात? टक्का असा नाही. आमचं घर अकरा महिने पडून होतं. शेवटी एक डॉक्टर जोडपं तिसऱ्यांदा आलं, सोबत इंजिनिअर. मॅडमनी कागद पुढे केला, सव्वातीन कोटी. म्हणाल्या, "काका, आम्ही घराचे शून्य धरलेत. पाडायचा खर्च वजा केला नाही, एवढंच." ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री पुण्याहून धाकट्याचा फोन: फ्लॅटचा हप्ता थकलाय, देऊन टाक.