दुसरीच्या वर्गासाठी हाचीची गोष्ट: मी कशी घेते

ताई, मुलं मुळाक्षरं-बाराखडी घडाघडा म्हणतात पण चार शब्दांचं वाक्य पुढे आलं की गप्प होतात, आणि कुत्र्याची एखादी खरी गोष्ट घेऊन वाचन-लेखन करून घेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. मी जपानच्या हाचीची गोष्ट घेते, कारण ती खरी आहे आणि तिच्यात एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. नव्या वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

आधी तुमच्यासाठी तपशील. हाची १९२३ च्या नोव्हेंबरात ओदाते इथे जन्मला. टोकियोतले शेतकी विषयाचे प्राध्यापक उएनो यांनी त्याला पाळलं. ते घरी परतायच्या वेळी तो शिबुया स्टेशनवर जाऊन थांबायचा. २१ मे १९२५ ला उएनो कामावरच वारले. हाची पुढे त्यांच्या माळ्याकडे राहिला, पण ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत स्टेशनवर येत राहिला.

ही गोष्ट मुलांना आधी तोंडी सांगा, पुस्तकी भाषेत नको. मग फळ्यावर एवढंच लिहा:

गाडी आली. लोक उतरले. मालक आले. हाची शेपटी हलवू लागला.
एक दिवस गाडी आली. लोक उतरले. मालक आले नाहीत.
हाची परत आला. गाडी आली. लोक उतरले. मालक आले नाहीत.

यात जोडाक्षर एकही नाही, ते मुद्दाम. 'कुत्रा' आणि 'स्टेशन' हे शब्द चित्राखाली लिहून भिंतीवर लावा, मुलं ते अख्खे ओळखतात, फोड करत बसू नका. तिसऱ्या ओळीशी पोचेपर्यंत मागच्या बाकावरची पोरंसुद्धा 'मालक आले नाहीत' आपणहून म्हणू लागतात.

आता ती खरंच वाचतायत की पाठ म्हणतायत, हे कसं कळायचं? जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर हीच वाक्यं लिहून पट्ट्या कापा. मग मुलांचं लक्ष नसताना 'लोक' आणि 'मालक' यांची अदलाबदल करा: 'मालक उतरले. लोक आले नाहीत.' जो वाचतोय तो लगेच ओरडतो, "बाई, चुकलं!" जो पाठ म्हणतोय तो बोट पुढे सरकवत जुनंच म्हणत राहतो. त्याला रागावू नका. त्याच्याकडून 'लोक', 'मालक', 'मालकाला', 'लोकांना' असे शब्द सुटे वाचून घ्या. दोन्हींत ल आणि क आहे, म्हणून तो घोटाळतो.

लेखनाचा भाग खरा रंगतो तो पुढे. मुलं विचारतातच, "बाई, हे खरंच घडलं?" तेव्हा हाचीचा फोटो दाखवा. १९३४ साली, तो जिवंत असतानाच, स्टेशनसमोर त्याचा पुतळा उभारला. युद्धाच्या काळात तो वितळवला गेला आणि १९४८ मध्ये नवा बसवला. शिवाय एक गोष्ट लपवू नका: सुरुवातीला स्टेशनवरची माणसं हाचीला हाकलायची. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात त्याच्याविषयी छापून आलं, मग लोक त्याला खाऊ देऊ लागले. तो मेल्यावर त्याच्या पोटात भाजलेल्या मांसाच्या काड्याही सापडल्या होत्या.

इथे वर्गात जुंपते. "तो खायला यायचा!" "नाही, खाऊ तर नंतर मिळायला लागला!" हे भांडण थांबवू नका, कागदावर उतरवा. प्रत्येकाने एकच वाक्य लिहायचं, 'मला वाटतं हाची…' असं सुरू होणारं. 'मला वाटतं' तुम्ही फळ्यावर लिहून ठेवा, पुढचं त्यांचं. 'निष्ठा म्हणजे काय' वगैरे सांगायच्या भानगडीत पडू नका. ते सांगितलंत की तीसही वह्यांत तुमचंच वाक्य येईल.

नंतर गावातल्या कुत्र्याकडे या. एक मूल सांगेल, तुम्ही त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. "आमचा मोत्या रातच्याला लई भुकतो" असं आलं तर तसंच लिहा. 'रात्री खूप भुंकतो' केलंत की ते वाक्य त्याचं उरत नाही आणि तो वाचायलाही कंटाळतो. प्रमाणभाषा पुढे शिकवता येते, घाई नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरही पहिल्या खर्ड्यात लाल पेन फिरवू नका. शब्दांत जागा सोडली का आणि पूर्णविराम दिला का, एवढंच बघा.

अक्षरांवरच अडलेल्या दोन-चार मुलांना या वेळी वेगळं बसवू नका. त्यांना पट्ट्या क्रमाने लावायचं काम द्या, जोडीला एक वाचणारं मूल. 'गाडी आली' ही पट्टी त्यांना लवकर सापडायला लागते, तिच्यापासूनच सुरुवात करा.