हलाखा की हलाखी?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेतले रब्बी सॉलोमन फ्रीहॉफ यांच्यावरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करते आहे. 'प्रोग्रेसिव्ह रब्बी'ला पुरोगामी रब्बी म्हणावं का? 'ज्यूइश लॉ'ला 'ज्यू कायदा' चालेल का? मूळ 'हलाखा' हा शब्द तसाच ठेवला होता, तर संपादकांनी तो 'हलाखी' करून परत पाठवला! शिवाय घरच्यांची शंका: रब्बी म्हणजे ते आपलं गहू-हरभऱ्याचं रब्बी का?"

घरच्यांना आधी उत्तर देऊन टाकू. संबंध नाही. हंगामाचा रब्बी अरबी 'रबीअ'वरून आला, म्हणजे वसंत. ते पीक वसंतात हाताशी येतं. धर्मगुरूचा रब्बी हिब्रू. 'रव' म्हणजे थोर, धनी, गुरू. 'रब्बी' म्हणजे माझे गुरू. नुसती नावं सारखी, गोत्र वेगळं.

संपादकांची चूक मात्र मला फार आवडली, कारण ती तितकीशी चूक नाही. हलाखी आपल्याकडे अरबी 'हलाक'वरून आली. हलाक म्हणजे नाश, मरण. आपण तो शब्द वापरून वापरून गरिबीवर आणून ठेवला. हिब्रू 'हलाखा' ज्या धातूवरून येतो त्याचा अर्थ चालणं, जाणं. सेमिटिक भाषांचे अभ्यासक हे दोन्ही धातू एकाच मुळाचे मानतात. 'जाणं'वरून 'मरणं' कसं निघालं, हे मराठी माणसाला वेगळं समजावायला नको. "म्हातारा गेला" म्हणतो तेव्हा तो बाजारात गेलेला नसतो. म्हणजे जिथे नातं दिसत होतं (रब्बी आणि रब्बी) तिथे ते नाही, आणि जिथे छपाईची चूक वाटत होती तिथे दोन चुलतभावंडं निघाली.

आता तुमचा खरा पेच. हलाखा म्हणजे 'चालण्याची रीत'. खाणं, पिणं, शब्बाथ (शनिवारचा विसावा), लग्न, सुतक, देणंघेणं, सगळ्यात माणसाने कसं चालावं ते. याला 'ज्यू कायदा' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे कोर्ट आणि काळा कोट उभा राहतो. बायबलाच्या मराठी भाषांतरात 'नियमशास्त्र' हा शब्द रुळलेला आहे, पण तो मोशेच्या तोराहसाठी, म्हणजे बायबलातल्या पहिल्या पाच ग्रंथांसाठी. शिवाय तोराहचा मूळ अर्थ शिकवण, म्हणजे तिथेही 'नियम' जरा कडकच पडतो. माझं मत 'आचार'ला, फार तर 'आचारधर्म'ला. कारण साधं आहे: आचारातला 'चर्' धातूही चालण्याचाच. चालरीत, वहिवाट, चालत आलेलं. आपल्या भाषेत हे सगळं पायांनीच घडलेलं आहे.

हा हट्ट नुसत्या व्युत्पत्तीसाठी नाही. 'कायदा' लिहिलात तर फ्रीहॉफ यांचं म्हणणंच वाचकाला कळणार नाही. माणूस जन्माने लंडनचा, १८९२चा. लहानपणी अमेरिकेत आला, १९१५मध्ये सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजातून रब्बी झाला. पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर धर्मगुरू म्हणून गेला, मग शिकवलं, शिकागोत काम केलं, आणि १९३४ ते १९६६ पिट्सबर्गच्या 'रोडेफ शालोम' या सिनेगॉगमध्ये रब्बी होता. गंमत अशी की याच पिट्सबर्गमध्ये १८८५ साली सुधारणावादी रब्बींनी जाहीर ठराव केला होता की खाण्यापिण्याचे, पेहरावाचे, सोवळ्याओवळ्याचे जुने नियम आता आम्हाला बांधील नाहीत. त्याच गावात, त्याच पंथाचा हा रब्बी जुने ग्रंथ पुन्हा उघडून बसला. लोक पत्रं लिहून शंका विचारत, हा आधीच्या शतकांतल्या रब्बींनी काय म्हटलंय ते मांडून उत्तर देई. सुधारणावादी रब्बींच्या संघटनेने अशा शंकांसाठी नेमलेल्या समितीचा तो १९५५पासून वीसेक वर्षं प्रमुख होता.

एक शंका बघा. ज्यू धर्म स्वीकारलेल्या माणसाचे ख्रिस्ती वडील वारले. त्यांच्यासाठी त्याने कद्दिश ही प्रार्थना म्हणावी का? फ्रीहॉफ यांचं उत्तर: म्हणावी. ते उत्तर "आमचा पंथ उदार आहे" असं म्हणून उडवलेलं नाही, जुन्या रब्बींच्या मतांवर उभं केलेलं आहे. अशा उत्तरांना 'धर्मनिर्णय' म्हणा. 'फतवा' रचनेने जवळचा आहे, पण मराठी बातम्यांनी त्याचं जे केलंय त्यानंतर तो नको.

त्यांचं गाजलेलं सूत्र इंग्रजीत दोन यमकी शब्दांचं आहे: हलाखाने मार्गदर्शन करावं, राज्य करू नये. मराठीत यमकाच्या मागे लागू नका. "वाट दाखवावी, हाकू नये" एवढं पुरे. आणि आता हे 'ज्यू कायद्याने वाट दाखवावी' असं वाचून पाहा. कायदा वाट दाखवत नाही, तो पाळतात नाहीतर मोडतात. वाक्य तिथेच आपटतं.

'हाकू नये' मी मुद्दाम सुचवलं. फ्रीहॉफ यांचा सगळा भर 'मिनहाग'वर, म्हणजे रूढीवर होता: आधी लोक काहीतरी करू लागतात, मग शास्त्री त्याला शास्त्रात बसवतात. आणि मिनहागचा धातू हाकण्याचाच! मोशे मेंढरं हाकतो तिथे तोच धातू आहे, आणि आजच्या हिब्रूत ड्रायव्हरला 'नहाग' म्हणतात. आपल्याकडे 'शास्त्राद्रूढिर्बलीयसी' म्हणतात, तसं जेरुसलेम तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, स्वच्छ वाक्य आहे: रूढी हलाखाला रद्द करते. तिथला प्रसंग वहाणेचा. निपुत्रिक विधवेशी दिराला लग्न करायचं नसेल, तर ती त्याच्या पायातलं पादत्राण काढते आणि मोकळी होते. ते पादत्राण बूट की वहाण? तालमूद म्हणतं, खुद्द एलिया संदेष्टा येऊन "वहाण चालणार नाही" म्हणाला तरी ऐकू नका, लोक वहाणच वापरत आलेत. आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू ज्याच्या नावाने पोहे, खोबरं, साखरेचा मलिदा करतात, तोच हा एलियाहू हन्नबी.

एक सावधगिरी. सगळीकडे 'आचार' चालणार नाही. इस्राएलमध्ये ज्यूंची लग्नं-घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे आहेत. तिथे हलाखा हा कायदाच. १९६२मध्ये तिथल्या रब्बीमंडळाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासा असं फर्मावलं. शंका काय, तर यांच्या पूर्वजांनी घटस्फोट आणि तो वहाणेचा विधी रीतसर केला होता का! १९६४च्या उन्हाळ्यात आपल्या या मंडळींनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि शेवटी फर्मानातलं त्यांचं नाव काढावं लागलं. तिथे बिनदिक्कत 'कायदा' लिहा.

राहता राहिलं 'प्रोग्रेसिव्ह'. पुरोगामी नको, आज तो शब्द एकतर सभेत नाहीतर टोमण्यात येतो. 'प्रागतिक' घ्या. आपल्याकडच्या लिबरल मंडळींच्या पक्षाचं ते नाव होतं, आणि इथेही ते पंथाचंच नाव आहे. १९२६मध्ये लंडनला या पंथाची जागतिक संघटना निघाली. फ्रीहॉफ १९५९पासून काही वर्षं तिचे अध्यक्ष होते. मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५मध्येच ज्यूइश रिलिजस युनियन काढली होती. तिच्या भायखळ्याच्या सिनेगॉगचं नावही 'रोडेफ शालोम'. अर्थ: शांतीचा पाठलाग करणारा. पुन्हा पायच.

'हलाखा' पहिल्या उल्लेखात ठेवाच, पुढे आचारधर्म. आणि मुद्रितशोधकांसाठी समासात एक ओळ: ही हलाखी नव्हे, कृपया दुरुस्त करू नये.