वसतिगृहाच्या नव्या मजला-प्रतिनिधीस

यंदा प्रथमच तुझ्याकडे मजल्याची जबाबदारी आली आहे, म्हणून परीक्षा संपल्याच्या रात्रीबद्दल आणि 31 डिसेंबरबद्दल आधीच लिहितो. पुण्यात नव्याने आलेल्या मुलांची समजूत असते की इथे सगळेच पितात. न पिणारेही बरेच असतात, पण ते गप्प राहतात. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे, हेही त्यांना सांग.

मला सर्वाधिक भीती वाटते ती पैजेची. यकृत तासाला साधारण एका छोट्या पेगाएवढेच मद्य पचवते, त्यामुळे घाईने रिचवलेले पाच-सहा पेग मुलगा झोपल्यानंतरही रक्तात चढत राहतात आणि लिंबूपाणी, कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी ते उतरत नाहीत. हाक मारूनही न उठणाऱ्या, थांबत-थांबत श्वास घेणाऱ्या मुलाला ‘झोपू दे’ म्हणू नकोस. त्याला कुशीवर वळव, जवळ बस आणि लगेच 108 ला फोन कर. रेक्टरांच्या धाकाने आम्ही एकदा पाऊण तास घालवला होता. तो मुलगा वाचला, तरी ती चूक मला अजून सलते.

खडकवासल्याकडे रात्री दुचाकी काढणाऱ्यांच्या किल्ल्या मात्र संध्याकाळीच मागून घे.